न पोचलेल्यांचा रकाना

आप्पा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पत्र म्हणून लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे लिहीत होते म्हणा. मी पुण्याला शिकायला असताना तुम्हीच पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड टाकायचात. त्यात कोण आजारी, कोण बरं झालं, येडगावच्या धरणात पाणी किती, आणि शेवटी दर वेळी तेच, की उघड्यावरचं काही खाऊ नकोस. मी ती कार्डं मैत्रिणींना दाखवून हसायचे आणि उत्तर द्यायचा कंटाळा करायचे. आज उत्तर द्यायला बसलेय. धाकट्याच्या घरी पडवीत बसलेय, समोर त्याच्या टोमॅटोचे क्रेट रचलेत, आणि तो दोनदा येऊन विचारून गेला, "काय एवढं लिवती गं आक्का? हापिसाचं का?" मी म्हटलं, हो, ऑफिसचंच. अर्धं तरी ते खरं आहे.

लोक तुम्हाला डाक्टर म्हणायचे. तुम्ही दर वेळी दुरुस्त करायचात, "डाक्टर न्हाई, आरोग्य सेवक," आणि लोक दर वेळी म्हणायचे, "बरं डाक्टर." निमगाव साव्याच्या उपकेंद्रामागे दोन खोल्यांत आपण राहायचो. खांद्याला झोळी, सायकलच्या हँडलला लसीचा थर्मास, आणि वारानुसार ठरलेली वस्ती. प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीवर तुम्ही गेरूने एक चौकट आखून ठेवली होती. घरात कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, नर्सबाई सोबत असल्या की पोरांचे डोस उरकायचे, आणि निघताना चौकटीत तारीख घालून सही करायची. महिन्यातून एकदा वरचे साहेब जीपमधून यायचे आणि माणसांशी न बोलता भिंती बघत फिरायचे. भिंतीवर तारीख आहे म्हणजे तुम्ही गेला होतात, एवढा साधा हिशोब होता. इकडे आपल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी चुलीवर आधी तुमच्या सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळायच्या. ते झाकणाचं अल्युमिनियमचं भांडं चढवताना आई म्हणायची, "माझ्या सवतीला आधी चढू द्या, मागनं भाकरीचं बघते." त्या भांड्याला दुसऱ्या कशासाठी हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही. एकदा अवचित पाव्हणे आले तेव्हा आईने त्यात अंडी उकडली होती. ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आई पण आता नाही, म्हणून सांगून टाकते.

भिंती असलेल्यांचं ठीक होतं. पण मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, ज्यांचा आज इथे तर परवा तिथे मुक्काम, घोड्यावर संसार, त्या संसारावर कोंबड्यांची डालगी आणि डालग्याशेजारी बांधलेलं मूल, त्यांची तारीख कुठे लिहायची? तालुक्याच्या कागदात ती माणसं कुठल्याच गावची नव्हती. साहेब म्हणायचे, ती आपल्या हद्दीत मोडत नाहीत. तुम्ही म्हणायचात, मोडत न्हाईत पण बसत्यात. कारण दर हंगामाला आपल्याच शेतकऱ्यांच्या रानात त्यांच्या मेंढ्या खतासाठी बसायच्या. मेंढपाळ कुठे उतरलेत हे विचारलं तर कुणी सांगत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही ते कधी विचारलंच नाही. नारायणगावच्या बाजारात चहा पिताना बागायतदाराला तुम्ही सहज विचारायचात, "काय पावणं, यंदा कुणाकुणाच्या रानात मेंढ्या बसल्यात?" मग तो छाती काढून सांगायचा, आपल्या खालच्या पट्टीत बसवल्यात, तीन रात्री, दीडशे डोकी. तुम्ही चहा संपवायचात आणि सायकल तिकडे वळवायचात. पुढे परदेशात मी नकाशे बघणारी, वरून फोटो काढणारी कितीतरी हुशार माणसं बघितली, पण फिरती माणसं शोधायची याहून सोपी रीत मला कुणी दाखवली नाही.

आणि मग तो पत्रा. गोडेतेलाचा रिकामा डबा तुम्ही कापलात, हातोडीने सपाट केलात, घोड्याला लागू नयेत म्हणून कडा आत वळवल्यात, वर पांढरा ऑइलपेंट मारलात आणि भोक पाडून सुतळी ओवलीत. पावसात पुसू नये म्हणून तारीख खिळ्याने कोरायची. मेंढपाळांच्या मुक्कामावर एक मावशी असायच्या, त्यांच्या हातात तो देताना तुम्ही म्हणालात, "ही घ्या तुमची भिताड. जाताल तिकडं घिऊन जावा." त्या हसून हसून बेजार झाल्या होत्या. दिवाळी झाली की त्यांचा कळप माळशेज उतरून कोकणात जायचा. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही नर्सबाईंना घेऊन मुक्कामावर जायचात, पोरांना डोस द्यायचे, तारीख कोरायची, खाली 'डोस झाले' लिहायचं, सही करायची. डोस बाकी असला तर तेही कोरायचात, म्हणजे घाटाखालच्या दवाखान्याची माणसं तो पत्रा बघून पुढचा डोस द्यायची. आधी हाकलून लावायची, आता जवळ बोलवायची. घोड्याच्या पाठीवर भांड्यांत वाजत वाजत तुमची ती भिंत घाट उतरायची.

महिन्याच्या अहवालात मात्र तुम्ही एक उद्योग करून ठेवला होता. छापील फॉर्मच्या उजव्या कडेला, जिथे जागा नव्हती तिथे, पट्टीने एक रकाना आखायचा आणि वर लिहायचं, 'न पोचलेले'. ज्या घरी, ज्या मुक्कामी त्या महिन्यात जाणं झालं नाही त्यांची नावं तिथे, आणि प्रत्येकापुढे 'गेलो नाही'. पुढच्या महिन्याची फेरी त्या नावांपासून सुरू व्हायची, हा तुमचा नेम. साहेब चिडायचे. मी एकदा उपकेंद्राच्या पायरीवर बसून ऐकलंय. "अहो, बाकीच्यांचं काम शंभर टक्के दिसतंय आणि तुमचंच कसं कमी? हा रकाना फॉर्मात नाही." तुम्ही हात मागे बांधून उभे. "फॉर्मात न्हाई साहेब," तुम्ही म्हणालात, "पण माणसं हाईत की." त्या रकान्यापायी तुम्हाला बढती मिळाली नाही आणि तुमच्या मागून आलेले जीपमध्ये बसले. आई महिनाभर कुरकुरली. मलाही तुमचा राग यायचा, आप्पा. शाळेत बाकीच्या पोरींचे वडील मोटारसायकलवर यायचे आणि तुम्ही त्या थर्मासवाल्या सायकलवर, तेव्हा लाज वाटायची ती वेगळीच.

नववीत असताना मी तुमचा अहवाल पक्का उतरवून द्यायचे, कारण माझं अक्षर बरं होतं आणि तुमच्यासारखं हुबेहूब काढायचा मला छंद लागला होता. तुमचा तो वेलांटीचा लांब शेपटा, आठाला दिलेली गाठ, सहीखालच्या दोन रेघा. एकदा धरणातून पाणी सोडलं म्हणून ओढ्यापलीकडच्या दोन घरी तुमचं जाणं झालं नव्हतं. मी म्हटलं, दोनच तर घरं, आणि त्यांच्यापुढे तारखा टाकून दिल्या, तुमच्या अक्षरात. वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही कागद वाचलात, चष्मा काढलात, पुन्हा लावलात आणि कागद फाडून माझ्या हातात दिलात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच मला कॅरिअरवर बसवलंत, ओढ्याला वळसा घालून चार मैल नेलंत. दुसऱ्या घरात एक म्हातारी गोधडीत कुडकुडत पडली होती. तुम्ही तिच्या बोटाला सुई टोचलीत, काचपट्टी फुंकर घालून वाळवलीत, आणि मला म्हणालात, "ही बघ तुझी तारीख. तापली हाय का न्हाई, हात लावून बघ." मी हात लावला. येताना बाजारात तुम्ही मला भेळ घेऊन दिलीत, उघड्यावरची, आणि आईला सांगू नको म्हणालात. तुमचा राग असा भेळेत संपायचा, पण तो कपाळाचा चटका अजून माझ्या तळहाताला आहे.

आता ऑफिसचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. मी ज्या संस्थेत आहे ती लढाईने, दुष्काळाने घरं सुटलेल्या माणसांना औषधं आणि लसी पोचवते. तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायचं तर तुमचीच नोकरी, फक्त सायकल नाही आणि वस्त्या चार खंडांवर पसरलेल्या. बड्या देशांनी हात आखडता घेतलाय, त्यामुळे कुठली गाडी बंद करायची आणि कुठली ठेवायची याच बैठका चालू असतात. शुक्रवारी मी इथे सुट्टीवर असताना मेल आला. नवीन फॉर्म. यापुढे फक्त नोंदलेल्या छावण्यांत राहणारी माणसं मोजायची. जी दोन छावण्यांच्या मधे आहेत, ज्यांची गुरं आहेत, उंट आहेत, जी पाण्यामागे किंवा गोळीबाराच्या उलट दिशेला चालत असतात, ती फॉर्ममधून काढायची. माझ्या विभागाची संमती सोमवारपर्यंत हवी. माझ्या वरच्या साहेबांनी फोनवर फार गोडीने समजावलं, की आपण त्यांना सोडत नाही आहोत, फक्त मोजत नाही आहोत. माणूस वाईट नाही हो. त्याच्यावरही कुणी बसलेलं आहे. पण मला माहीत आहे, फॉर्ममधून गेली की त्यांच्याकडे जाणारी गाडी महिन्याभरात जाते, आणि आमचं काम मात्र कागदावर शंभर टक्के दिसायला लागतं. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आलीय. मी शनिवारभर ती संमती लिहायला घेतली आणि पुसली. शेवटी तुमचा रकाना आठवला, आणि रकाना आठवला की पाठोपाठ पत्रा आठवतोच. तो आठवू नये म्हणून मी एवढी वर्षं केवढी धडपड केलीय ते तुम्हाला माहीत नाही.

तुमचा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, आई भांडी पोत्यात भरत होती आणि मी तुमची झोळी घेऊन नुसती बसून होते. दारात मावशी आणि त्यांचे मालक उभे राहिले. मावशींच्या कडेवर वर्षाची पोर, पातळाचं टोक चघळत. कळप पुढे घाटाकडे गेला होता, ही दोघं मागे थांबली होती. मालकांनी टोपी काढली, तुमच्या फोटोला हात जोडले. मग मावशींनी पत्रा माझ्यापुढे धरला. "लिवून द्या ताई. तारीख नसली की तिकडं कोन हुबं करत न्हाई." तुम्ही दिवाळीआधीपासून अंथरुणाला होतात, त्यामुळे त्या पोरीचा गोवराचा डोस राहिला होता. नर्सबाई रजेवर होत्या. मला हे सगळं ठाऊक होतं. मी झोळीतून खिळा काढला आणि तारीख कोरली. तुमच्या अक्षरात. हात लागला होता तसा पुढे गेला, खाली 'डोस झाले' कोरलं, खाली तुमची सही, दोन रेघांसकट. 'डोस बाकी' एवढंच लिहिलं असतं तर घाटाखाली कुणीतरी तो दिला असता. पण मला तेव्हा डोसाचं सुचत नव्हतं, आप्पा. तुमचं अक्षर आणखी एकदा कुठेतरी उमटावं एवढंच वाटत होतं. त्या पोरीच्या हातात मी बुंदीचा लाडू दिला आणि ती माणसं गेली.

उन्हाळ्यात धाकट्याच्या पत्रात एक ओळ होती. त्या मेंढपाळांच्या पोरीला कोकणात गोवर आला, जीव वाचला, पण उजवा डोळा गेला. एवढंच. त्याने पुढे बैलाच्या खुराचं लिहिलं होतं. मी ते पत्र वसतिगृहाच्या जिन्यात वाचलं. मग नोकरी, परदेश, बाकी सगळं. या कामात कशा आलात असं मला व्यासपीठावर विचारतात तेव्हा मी तुमची सायकल सांगते, थर्मास सांगते, पत्राही सांगते, आणि समोरची माणसं डोळे पुसतात. त्या पत्र्यावरची शेवटची तारीख कुणाची ते मी कधीच सांगितलेलं नाही. तुमचं नाव पुढे केलं की माझं मागे राहतं, हे मला फार लवकर जमलं.

तर काल, रविवारी, धाकट्याला म्हटलं मला येडगावला सोड. मावशींच्या मुलाने तिथे कालव्याच्या अलीकडे दोन एकर घेतलेत, स्लॅबचं घर बांधलंय. मालक जाऊन सात-आठ वर्षं झाली. मावशी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून एका कोकराला बाटलीने दूध पाजत होत्या. मला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "डाक्टरांची पोर ना गं तू? लई वाळलीस. तिकडं जेवाया घालत न्हाईत का?" मेंढरं विकली, ही चार ठेवलीत, जीव रमावा म्हणून, असं म्हणाल्या. थोरली सून चहा ठेवायला गेली. पोरगी कुठे आहे ते मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "ती नारायणगावला, टोमॅटो निवडाया. नवऱ्याचं न् तिचं पटलं न्हाई, हितंच आस्ती. एका डोळ्यानं निवडती पर दोन डोळ्यावाल्यांना ऐकत न्हाई." आणि हसल्या.

दारावर, देवाच्या फोटोंच्या ओळीत, तो पत्रा टांगलेला होता. पांढरा रंग बराच उडालाय, कडेला गंज धरलाय, पण तारखा वाचता येतात. एकाखाली एक तुमच्या तारखा, आणि शेवटची माझी. त्याखाली कोरा पत्रा. "पोरगं म्हनलं घर बांधताना, टाकून देऊ," मावशी म्हणाल्या, "म्या म्हनलं, ही आपली पैली भित हाय. ऱ्हाऊ दे." कोकराची बाटली संपली, दुसरी भरून आली.

"मावशी," मी म्हटलं, "ती शेवटची तारीख आप्पांची नाही. मी लिहिलीय."

"मग? मला ठावं न्हाई व्हय? म्याच तर धरला व्हता तुझ्याम्होरं."

"त्याखाली 'डोस झाले' असंही लिहिलं मी. डोस तर झाला नव्हता."

त्यांनी कोकराला मांडीवरून खाली सोडलं. ते जागेवरच लटपटत उभं राहिलं. "त्ये बी ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मला वाचाया येत न्हवतं. पर घाटाखाली बाई आली व्हती, बरफाचा डबा घिऊन. समद्या पोरांना टोचत व्हती. आमचा पत्रा बघितला आन म्हनली, तुमचं झालंय, हितं लिवलंय, सही बी हाय. तवा कळलं तू काय लिवलंस त्ये."

मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत. माझा आवाज चढला होता बहुतेक, कारण सून दारात येऊन उभी राहिली.

"काय बोलू?" मावशी म्हणाल्या. "न्हाई झालं म्हनले असते तर ती बाई म्हनली असती, तुमचा डाक्टर खोटं लिवतो. जनमभर त्या मानसानं कधी खोटं लिवलं न्हाई, आन मेल्यावर त्याला खोटं पाडू व्हय गं? म्या गप बसले. म्हनलं, एक डोस ऱ्हायला तर काय व्हतंय." मग म्हणाल्या, "मालकाला बी सांगितलं न्हाई. त्यो मरस्तवर देवाला शिव्या घालीत व्हता. म्या ऐकत व्हते."

आप्पा, एवढी वर्षं मी समजत होते की हे ओझं माझं एकटीचं आहे. आणि ही बाई घोड्यामागे घाट चढता-उतरता तेच घेऊन चालत होती, तेही तुमच्यासाठी. मी खोटं लिहिलं ते तुमच्या मायेपोटी आणि तिने ते पोटात घातलं तेही तुमच्या मायेपोटी, आणि दोघींच्या मधे ती पोर. तुमच्या शब्दाला एवढं वजन नसतं तर माझं खोटं तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं. मला तुमचा राग आला, खरंच सांगते. मग रडू आलं. मावशींनी उठून माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, पोरी. डोळा तिचा गेलाय. मला तर जमलं न्हाई एवढ्या वर्सात. तू शिकलेली हाईस, तू सांग. दिस मावळायला येती ती."

मी निघायच्या आधी खुर्चीवर चढून तो पत्रा उतरवला. सुनेकडून खिळा मागितला. माझ्या त्या तारखेपुढे 'डोस दिला नव्हता' असं कोरलं आणि खाली माझी सही केली, माझ्या अक्षरात. तीस वर्षं कीबोर्ड बडवून माझं अक्षर फार वाईट झालंय, तुम्ही पुन्हा लिहायला लावलं असतं. मावशींनी बोट फिरवून बघितलं आणि विचारलं काय लिहिलंस. सांगितलं. त्या म्हणाल्या, टांग परत वर.

आज सकाळी ऑफिसला मेल पाठवला. फिरत्या माणसांना काढायला माझी संमती नाही, आणि काढायचीच असतील तर फॉर्मच्या कडेला एक रकाना ठेवा, न पोचलेले म्हणून, आणि तो दर महिन्याला माझ्या विभागाच्या सहीने जाईल. साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, तुमच्या एकटीच्या म्हणण्याने निर्णय थांबायचा नाही, आणि असा रकाना फॉर्मात बसत नाही. मला हसू आलं, आप्पा, काय करू. मी म्हटलं, माणसं आहेत ना पण. ते म्हणाले, वर पाठवतो, बघू. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर तासभर, नसतं लिहिलं तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं. साहेबांची जीप गेल्यावर तुम्हालाही तसं वाटायचं का? तुम्ही हात धुऊन जेवायला बसायचात, चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, म्हणून मी कधी विचारलं नाही.

हे पत्र झोळीत ठेवणार आहे. तुमची झोळी धाकट्याने पंपाच्या खोलीत खुंटीला लावून ठेवलीय, आता तिच्यात सुतळी आणि नटबोल्टचे पाने असतात. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय. काल दिवस मावळायला आला तेव्हा मी मावशींकडेच होते. लांबून टेम्पोचा आवाज आला, सून म्हणाली, आल्या वन्सं. आणि मी उठले. धाकट्याचा फोन आलाय, निघायला हवं, म्हटलं. फोन आला नव्हता. मावशींनी माझ्याकडे बघितलं. कालव्याच्या पुलावर टेम्पो समोरून आला, मागे सात-आठ बायका उभ्या होत्या, त्यातली ती कुठली हे बघायला मी मान वर केली नाही. सकाळी सहापर्यंत ती घरी असते. उद्याची फेरी तिच्यापासून सुरू करायची, हे तुमच्याकडून शिकलेय. आजच्या तारखेला मात्र तिच्या नावापुढे लिहायचं आहे ते एवढंच, आप्पा. गेले नाही.